रेतीच्या खड्ड्यातलं पाणी मोजताना

सप्रेम आशीर्वाद.

मांडवी-जुवारीच्या मुखाकडच्या पात्रात रेती काढून पडलेल्या खड्ड्यांमुळे पाण्याचं मिसळणं किती बिघडतं, हे तुला मोजायचं आहे. मग होडी ठरवण्याआधी कालनिर्णय बघ. पावसाळ्यात या नद्यांत वर गोडं, खाली खारं असे थर असतातच. खड्ड्यातला थर उपशाने आला की पावसाने, हे तेव्हा वेगळं काढता येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरही टाळ. त्या दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यालगत तळाशी कमी ऑक्सिजनचं समुद्राचं पाणी चढतं. ते मुखाजवळच्या खड्ड्यात शिरलं, तर समुद्राचा दोष उपशाच्या माथी बसेल.

जानेवारी ते एप्रिल घे. तेव्हा भरती-ओहोटी या नद्यांना वरपासून खालपर्यंत ढवळते, त्यामुळे खड्ड्यातला थर उठून दिसतो. आणि अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत मंद असते ते भांगाचं पाणी, चुकवू नकोस. उधाणात धुऊन निघणारा खड्डा भांगात तुंबतो. नुसतं उधाणात मोजलंस तर सगळं आलबेल दिसेल.

कारण वेगात आहे. तळाशी घासून पाणी ढवळण्याची ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. 4 मीटरचं पात्र 8 मीटर झालं आणि पाणी तेवढंच वाहिलं, तर वेग निम्मा होतो आणि ताकद आठवा हिस्सा उरते. ती दुप्पट खोलीत वाटली जाते, म्हणजे दर मीटरला जेमतेम सोळावा हिस्सा. अरुंद, उभ्या कडांच्या खड्ड्यात याहून वाईट: प्रवाह वरून निघून जातो, खालचं जड खारं पाणी अडकतं, त्यात गाळ बसून सडतो आणि ऑक्सिजन खातो. म्हणून किती घनमीटर रेती गेली याच्याआधी खड्डा किती खोल आणि कसा पडलाय, ते विचार. बुडी मारून बादलीने काढलेली जागा आणि पंपाने ओढलेली जागा एकाच यादीत घालू नकोस.

तीन ठिकाणं धर: खड्ड्याचा सर्वांत खोल भाग, आणि त्याच्या वरच्या व खालच्या अंगाला नदीचा न उकरलेला तळ. भरती-ओहोटीचं पूर्ण चक्र, साधारण साडेबारा तास, दर तासाला मोज. प्रवाहात यंत्राची दोरी तिरकी होते, त्यामुळे सोडलेल्या दोरीची लांबी म्हणजे खोली नव्हे. दाबमापकाचा आकडा घे. ऑक्सिजनचा सेन्सर सावकाश स्थिरावतो. तळापासून अर्धा मीटर वर थांबून आकडा हलायचा थांबेपर्यंत वाट बघ. यंत्र किंवा नांगर तळाला लागून गाळ उठला, तर तो आकडा सोडून दे. सेन्सरचा ऑक्सिजन रसायनाने पडताळायला पाणी घेशील, त्या बाटलीत नळी तळापर्यंत घालून पाणी दोन-तीन बाटल्यांइतकं ओसंडू दे, बुडबुडा राहू देऊ नकोस आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं होडीतच घाल.

आकडे वाचताना आधी खारेपणा बघ, कारण थर पाण्याच्या जडपणातल्या फरकाने टिकतो. क्षारतेचा एक अंक, म्हणजे किलोमागे सुमारे एक ग्रॅम मीठ, पाण्याच्या वजनात घनमीटरमागे पाऊण किलोचा फरक पाडतो. आपल्या कोमट पाण्यात एक अंश तापमान पाडतं सुमारे तिसरा हिस्सा किलो. ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला तर तो किती तास तसाच राहिला ते लिही, नुसती सरासरी देऊ नकोस. तिसऱ्या जिवंत सापडल्या म्हणून निश्चिंत होऊ नकोस; शिंपले मिटून त्या काही काळ तग धरतात, मासे मात्र आधीच निघून गेलेले असतात.

तळाची मातीही घे. काळी, कुजक्या अंड्याच्या वासाची असेल तर तशी नोंद कर. असे खड्डे बहुतेकदा रेतीने नाही, बारीक गाळाने भरतात. पुढच्या वर्षी खोली पूर्ववत दिसली, तरी मातीचा नमुना घेतल्याशिवाय जागा सुधारली असं लिहू नकोस.