देशी उद्योगात सरकारने पैसा घालावा का? ब्राझीलचं विमान आणि ब्राझीलचा संगणक

तुमचा प्रश्न असा की देशी उत्पादन आणि संशोधन यांत सरकारने पैसा घातला तर तो सत्कारणी लागतो का, आणि तसं केल्यावर व्यापार न्याय्य राहतो का.

मी पूर्वी ‘सरकारने कारखान्यांच्या भानगडीत पडूच नये’ या पंथाचा होतो. ब्राझीलचा इतिहास वाचला आणि तो हट्ट सुटला. दक्षिण कोरिया-तैवानचे दाखले तुम्हाला कुणीही देईल. ब्राझीलमध्ये गंमत ही की एकाच देशात, साधारण त्याच दशकांत एक डाव जमला आणि दुसरा पार फसला.

जमलेला डाव विमानांचा. १९५० मध्ये साओ जोसे दोस काम्पोसला विमान अभियांत्रिकी शिकवणारी ‘आयटीए’ ही संस्था उभी राहिली. ती घडवायला अमेरिकेच्या एमआयटीमधून प्राध्यापक आणले होते. कारखान्याचा तेव्हा पत्ताही नव्हता, नुसतं शिकवणं चालू होतं. तिथेच हवाई दलाच्या संशोधन केंद्रात ‘बांदेरांते’ नावाचं छोटं प्रवासी विमान तयार झालं आणि १९६८ मध्ये उडालं. एम्ब्रेअर ही सरकारी कंपनी निघाली १९६९ मध्ये. म्हणजे आधी माणसं, मग विमान, मग कंपनी. बहुतेक सरकारं हा क्रम उलटा लावतात, कारण कोनशिलेचा फोटो निघतो, वीस वर्षं शिकवण्याचा निघत नाही.

बांदेरांतेचं इंजिन मात्र कॅनडातल्या प्रॅट अँड व्हिटनीचं होतं! प्रत्येक स्क्रू स्वदेशी हवा, असा अट्टहास नव्हता. आराखडा आणि जुळणी आपल्या हातात ठेवायची, बाकी जिथे चांगलं मिळेल तिथून घ्यायचं. १९७८ मध्ये अमेरिकेच्या हवाई नियामकांनी या विमानाला प्रमाणपत्र दिलं आणि तिथल्या छोट्या विमान कंपन्यांनी ते विकत घेतलं. या गिऱ्हाइकांना ब्राझीलच्या अभिमानाशी देणंघेणं नव्हतं.

संगणकाच्या बाबतीत याच्या उलट झालं. १९८४ च्या कायद्याने छोट्या संगणकांची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी आठ वर्षं राखून ठेवली. गिऱ्हाईक आयतंच बांधलेलं, मग सुधारायची घाई कुणाला? जुनी यंत्रं चढ्या भावात विकली गेली, तस्करी फोफावली. भुर्दंड पडला तो संगणक वापरणाऱ्या इतर सगळ्या उद्योगांना. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे आरक्षण गुंडाळावं लागलं.

एम्ब्रेअरचंही सगळं गोडगोड नव्हतं. कंपनी कर्जात रुतली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि १९९४ मध्ये ती खासगी मालकीत गेली. पण अभियंते आणि हातातले आराखडे होते, म्हणून विकण्यासारखं काही शिल्लक होतं.

आता न्याय्य व्यापार. १९९६ मध्ये कॅनडाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, की एम्ब्रेअरची विमानं घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांच्या कर्जावरच्या व्याजाचा भार ब्राझील सरकार उचलतं. ब्राझीलने उलट तक्रार ठोकली, की कॅनडाही आपल्या बंबार्डिये या विमान बनवणाऱ्या कंपनीला असंच पोसतो. १९९९ मध्ये निकाल लागले, दोघेही दोषी! (ज्या देशाचं इंजिन, त्याच देशाशी भांडण, व्यापारात हे असंच चालतं.) पुढच्या वर्षी कॅनडाला वर्षाला ३४ कोटी कॅनेडियन डॉलरहून जास्त रकमेची प्रत्युत्तराची कारवाई, म्हणजे ब्राझीलच्या मालावर जादा आयात कर वगैरे, करण्याची मुभाही मिळाली, ती त्याने वापरली नाही.

या निकालांत एक बारकावा आहे. कॅनडाची एक दोषी ठरलेली योजना तंत्रज्ञान विकासासाठीच होती. संशोधनाला पैसा देण्यावर नियमांत सरसकट बंदी नाही. ‘निर्यात केलीस तरच’ किंवा ‘देशी माल वापरलास तरच’ अशी अट घातली की मदत बेकायदा ठरते. माझी अडचण इथेच आहे. परक्या गिऱ्हाइकासमोर उभं राहिल्याशिवाय कंपनी सुधारत नाही असं मी मानतो, आणि नेमकी ती अट सरकारला कागदावर घालता येत नाही. त्यामुळे माझा कौल असा: मोठा वाटा शिक्षण, प्रयोगशाळा, चाचणी केंद्रं यांना द्या. कंपनीला द्यायचंच तर मुदत ठरवून द्या, आणि ती मुदत चालू असताना आयातीचं दार उघडं ठेवा.