वेल्सला जरूर जा, पण आधी ती पॉलिसी परत करा

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"मी कोल्हापूरची, वय 58. खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागातून 31 ऑगस्टला निवृत्त झाले. आमचं 16 जणींचं हौशी गायनमंडळ आहे. ओव्या, भारुडं, लोकगीतं गातो. पुढच्या जुलैत वेल्समधल्या लँगॉलेनच्या आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सवात स्पर्धेसाठी आमची निवड झाली आहे. माणशी 2 लाख 90 हजार खर्च. पीएफ, ग्रॅच्युइटीचे 38 लाख 3 ऑक्टोबरला जमा झाले. त्यातले 5 लाख बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून गॅरंटीड योजनेत घातले, 33 लाख एफडीत आहेत. एफडी मोडायचा धीर होत नाही. पर्सनल लोन घेऊ का? प्रायोजक मिळाला तर पेटी-तबल्याच्या दोन साथीदारांचा खर्च निघेल. शिवाय बक्षीस आहेच. घरचे म्हणतात, या वयात हे काय खूळ!"

ताई, लोन घेऊ नका. पावणेतीन-तीन लाखांवर साडेतेरा टक्क्यांनी तीन वर्षं महिना जवळपास 10 हजार हप्ता, वर 64 हजार व्याज. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याजात काही हजारांचा फटका बसेल, बस्स. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपलं.

आता ते 5 लाख. तुम्ही पॉलिसीच्या कागदांचे फोटो सोबत पाठवलेत, ते बरं केलंत. पत्र 9 नोव्हेंबरला मिळालं आणि त्याच रात्री मी तुम्हाला ई-मेल केली, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबलो असतो तर मुदत संपली असती. इथे सविस्तर लिहितोय ते इतरांसाठी. पीएफचे पैसे खात्यात पडले की आठवडाभरात बँकेतून फोन येतो, हे घरोघरी चाललं आहे.

तुम्ही घेतलीत ती एफडी नाही. ती विमा पॉलिसी आहे. दरवर्षी 5 लाख, सलग सात वर्षं. पंधराव्या वर्षाअखेर 65 लाख. "35 चे 65, जवळजवळ दुप्पट" असं तुम्हाला सांगितलं गेलं. पण कुठला हप्ता किती वर्षं अडकतो ते धरून हिशेब केला की व्याज पडतं सव्वापाच टक्के. तुमची साधी एफडी याहून जास्त देते. आणि ते 65 लाख हातात येतील तेव्हा तुम्ही 73 वर्षांच्या असाल.

खरी भीती त्याहून जवळ आहे. घरखर्च तुम्ही 36 हजार लिहिलाय. यजमानांचे 10 हजार आणि तुमचं 2,800 रुपये पेन्शन सोडलं तर वर्षाला 2 लाख 80 हजार साठवलेल्या पैशातून काढावे लागतील. ते काढून वर 5 लाखांचा हप्ता. खर्च दरवर्षी थोडा वाढणार, एफडीचं व्याज दरवर्षी आटत जाणार. मी वर्षवार मांडून पाहिलं: सहावा हप्ता भरायची वेळ येईल तेव्हा एफडीत 5 लाखसुद्धा नसतील. वय 63, हातात रोकड नाही आणि पॉलिसी अर्धवट. वेल्सचा खर्च मी यात धरलेलाही नाही.

"पुढचे हप्ते जमले तर भरा" असं ते साहेब म्हणाले, हे वाचून मला संताप आला. हप्ते थांबले की पॉलिसी तोट्यातच सोडावी लागते, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही पाठवलेला प्रस्तावाच्या अर्जाचा फोटो पुन्हा बघा. व्यवसाय: नोकरी. वार्षिक उत्पन्न: 9 लाख. खाली तुमची सही. तुम्ही तर दीड महिना आधीच निवृत्त झाला होतात! निवृत्त, 2,800 पेन्शन असं खरं लिहिलं असतं तर कंपनीनेच विचारलं असतं, हप्ते भरणार कशातून. आणि पडताळणीच्या फोनवर "सगळ्याला हो म्हणा" असं तुम्हाला शिकवून ठेवलं होतं. आयुष्यभर कंपनीची व्हाउचरं तपासणाऱ्या बाईने हा अर्ज न वाचता सही केली, कारण समोरचा माणूस वीस वर्षांच्या ओळखीच्या बँकेतला होता. विश्वास ठेवलात ही तुमची चूक म्हणवत नाही मला.

सुटका आहे. कुठलीही आयुर्विमा पॉलिसी कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी सगळं परत मिळतं. तुमचे कागद कुरिअरने 22 ऑक्टोबरला आले. पण पॉलिसी 16 तारखेची आहे. पीडीएफ आधीच ई-मेलवर आली असेल तर कंपनी तो दिवस धरेल, म्हणून 15 नोव्हेंबर हीच शेवटची तारीख समजा. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, बँकेतल्या साहेबांच्या हातात नको. ते चहा पाजतील, "बघतो मॅडम" म्हणतील आणि दिवस जातील. शिक्क्यासह पोच घ्या, तोच अर्ज ई-मेलनेही पाठवा. कंपनीने नकार दिला तर तक्रार निवारण कक्ष, मग बीमा लोकपाल.

दुसरी मुदतही चालू आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरच, असा समज आहे. पण 55 ते 60 वयातल्या निवृत्तांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते खातं उघडता येतं. तुमच्यासाठी म्हणजे डिसेंबरअखेर. कंपनीकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला आजच मागा. 30 लाख ठेवलेत तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500. इतर 12,800 धरून 33,300 होतात. घर जवळपास चालतं.

उरले 8 लाख: एफडीतले 3 आणि पॉलिसीचे परत येणारे 5. त्यातून पहिला खर्च दोघांच्या मेडिक्लेमचा, वर्षाला 50 ते 60 हजार धरा. कंपनीचा ग्रुप विमा निवृत्तीबरोबर गेला आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही. यावर चालढकल नको.

आणि मग वेल्स. प्रायोजक शून्य धरा, बक्षीस शून्य धरा. साथीदारांचे 5 लाख 80 हजार 16 जणींत वाटले की माणशी 36 हजार, म्हणजे तुमचा खरा आकडा सव्वातीन लाख. तो 8 लाखांतून रोखीने द्या. मेडिक्लेम वजा जाऊन चार लाखांच्या वर अडीअडचणीला राहतात. या सव्वातीन लाखांचं व्याज कायमचं जाईल, महिन्याला साधारण 1,900 रुपये. तेवढी झळ तुम्हाला सोसेल, आणि बारा महिने तालीम करून निवड मिळवलेल्या बाईने ती सोसावी असं मला मनापासून वाटतं. हा महोत्सव 1947 पासून चालू आहे. 1955 साली इटलीतल्या मोडेना गावचं हौशी पुरुषांचं गायकवृंद तिथे पहिलं आलं, त्यात वडिलांबरोबर 19 वर्षांचा लुचानो पाव्हारोत्ती, पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑपेरा गायक, गात होता. घरच्यांना सांगा, खूळ होतं ते त्या पॉलिसीत. गाण्यात नाही.

मंडळाचे सगळे पैसे खजिनदारबाईंच्या खात्यात गोळा होताहेत, ते थांबवा. 46 लाखांची उलाढाल एका गृहिणीच्या पॅनवर दिसेल, सहलीवरचा टीसीएसही (परदेश सहलीच्या बिलाबरोबर आगाऊ वसूल होणारा आयकर) तिच्याच नावावर पडेल. एजंटला प्रत्येकीचं बिल वेगळं करायला सांगा. मग आपापला टीसीएस आपापल्या रिटर्नमध्ये मागता येतो.

विमा कंपनीकडून पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र आलं की जपून ठेवा. व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट द्याल तेव्हा त्यात एकाएकी आलेले 5 लाख दिसतील आणि ते कुठून आले हे दाखवायला तेच पत्र अर्जाला जोडावं लागेल.