सिस्टरने जखमेला मलम का लावलं नाही?

ताई, तुमच्या मुलीचा गुडघा मधल्या सुट्टीत खरचटला. शाळेतल्या सिस्टरने तो नळाखाली धुतला, पट्टी लावली, पण तुम्ही दप्तरात दिलेली मलमाची ट्यूब काही उघडली नाही. म्हणून तुम्ही विचारताय की ही हेळसांड नाही का. मी बरीच वर्षं शाळेत नर्स आहे. तुमचा जीव का तुटला ते कळतं, पण जे केलं ते योग्यच केलं असं माझं मत आहे.

मलम आपल्याला किरकोळ वाटतं, पण शाळेच्या नियमांत ते औषधातच मोडतं. साधारणपणे पालकांची लेखी परवानगी आणि डॉक्टरांची लेखी सूचना असल्याशिवाय सिस्टरला ते लावता येत नाही. दप्तरातून आलेली ट्यूब कधी उघडली, कुणाकुणाला लावली, हे तिला कसं कळणार? शिवाय जखमेवरच्या बऱ्याच मलमांत निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते. त्वचेच्या अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१० साली 'या वर्षीचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ' म्हणून त्याचीच निवड केली होती. यात फसगत अशी होते की अ‍ॅलर्जीने आलेली लाली आणि खाज बघून जखम चिघळली असं वाटतं, आणि आपण आणखी मलम थापतो.

आता 'नुसतं पाणी' याविषयी. खरचटलेल्या जागेचं अर्धं काम धुण्यातच होतं. पिण्याजोगं स्वच्छ पाणी धारेखाली भरपूर वापरायचं, आजूबाजूची कातडी साबणाने धुवायची, आणि खडीचे कण राहिले तर ओल्या गॉजने हलकेच टिपून काढायचे. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. गॉजची एक घडी मी मुलाच्याच हातात देते. स्वतः टिपायला मिळालं की रडणं बरंच कमी होतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून जंतू मेल्याचं समाधान मिळतं खरं, पण तो फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या एका घटकामुळे येतो, आणि त्या द्रवाने भरून येणाऱ्या नाजूक पेशींनाही इजा होते.

'उघडी ठेव, वाऱ्याने सुकेल' हेही आता मागे पडलंय. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने येते. म्हणजे तुमच्या मुलीला लावलेली पट्टी हाच खरा उपचार होता.

मात्र काही शाळा नियमाचा अर्थ 'हातच लावू नका' असा घेतात, त्याचा मला मनापासून राग येतो. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये लिना रॉजर्स शाळेत नर्स म्हणून रुजू झाल्या, त्या याच किरकोळ दुखण्यांसाठी. त्याआधी गजकर्ण, उवा, खरूज असलेल्या मुलांना डॉक्टर घरी पाठवत आणि उपचाराविना ती कित्येक दिवस शाळेबाहेरच राहत. नर्सने तिथल्या तिथे उपचार सुरू केले आणि मुलं वर्गात परतली. तेव्हा धुणं, दाबून रक्त थांबवणं, झाकणं आणि घरी कळवणं, यापासून सिस्टरला कुठल्याही नियमाने अडवू नये. वर दिसणारं कुसळ चिमट्याने काढावं. खोल रुतलं असेल तर सुईने उकरत बसू नये.

फोन मात्र लगेच यायलाच हवा: दहा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा फाकल्या असतील, आत काही रुतलं असेल, डोक्याला मार असेल, किंवा कुणी चावलं असेल तर. दुसरं मूल चावलं आणि कातडी फाटली तरी डॉक्टरांकडे न्यावं. प्राणी चावला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून थेट दवाखाना गाठायचा.

ट्यूब आता दप्तरातून काढून टाका. त्याऐवजी शाळेच्या आरोग्य-फॉर्मवर तिच्या अ‍ॅलर्जी लिहा, चिकटपट्टीची असेल तर तीही. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ती तारीख लिहा, कारण मातीने भरलेल्या जखमेत डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. डॉक्टरांनी एखादं मलम सुचवलंच असेल, तर त्यांची चिठ्ठी आणि न उघडलेली ट्यूब सिस्टरच्या हातात द्या. आणि प्रत्येक जखमेची नोंद वहीत होते का, घरी चिठ्ठी येते का, हे जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आज रात्री पट्टी ओली किंवा मळलेली दिसली तर बदला. लाली कडेने पसरत गेली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तर उद्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.