लंडनच्या पदवीसाठी डोंबिवलीचे घर तारण ठेवावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. संख्याशास्त्रात एम.एस्सी., अंधेरीच्या एका क्लिनिकल रिसर्च कंपनीत सॅस (सांख्यिकी विश्लेषणाची संगणकप्रणाली) प्रोग्रॅमर म्हणून चार वर्षे, हातात येणारा पगार 72,000 रुपये, बचत 12 लाख. आणि आता लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये मेडिकल स्टॅटिस्टिक्सच्या एक वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश. एकूण खर्च 52 लाख, त्यातले 40 लाख घर तारण ठेवून घ्यायचे, आणि वडील येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार.

बँकेने सांगितलेल्या 10.5 टक्के दराने हिशेब मांडू. अभ्यासक्रमाचे एक वर्ष आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसला, तरी सरळव्याजानेही 8.40 लाख चढतात; मग 48.40 लाखांवर दहा वर्षे दरमहा सुमारे 65,300 रुपयांचा हप्ता बसतो. म्हणजे आजचा जवळजवळ सगळा पगार. वर्षभर बुडणारा 8.64 लाखांचा पगार तर तुम्ही धरलेलाच नाही. शैक्षणिक कर्जावरची आयकर वजावट फक्त व्याजावर, जास्तीत जास्त आठ वर्षे आणि जुन्याच करप्रणालीत मिळते. तिच्या भरवशावर एवढे कर्ज पेलत नाही.

म्हणजे हे कर्ज पौंडांत कमावले तरच फिटणार. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी 18 महिन्यांवर येते, आणि पुढे कुशल कामगाराच्या व्हिसासाठी सर्वसाधारण वेतनमर्यादा वर्षाला 41,700 पौंड आहे, नवोदितांसाठी काहीशी कमी. अशी नोकरी मिळणे अशक्य नाही, पण त्या शक्यतेवर निवृत्त होणाऱ्या माणसाचे एकमेव घर लावणे मला पटत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तुम्ही वैद्यकीय संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र एकाच दमात लिहिले आहे; पण या दोन वेगळ्या वाटा आहेत. नमुन्याचा आकार ठरवणे, रँडमायझेशन (रुग्णांची यादृच्छिक गटवारी), सर्व्हायव्हल ॲनालिसिस (मृत्यूसारखी घटना घडेपर्यंतच्या काळाचे विश्लेषण) हे औषधचाचण्यांचे काम तुमच्या शेजारच्या टेबलावरच चालते; तिथे पोहोचायला तुमची सध्याची पदवी बहुधा पुरेशी ठरेल, म्हणून आधी कंपनीतच संख्याशास्त्राच्या गटात बदली मागून पाहा. रोग कोणाला, का आणि कुठे होतो हे शोधणारे साथरोगशास्त्रच खरोखर हवे असेल, तर चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे. आणि जैवसांख्यिकीसाठी, म्हणजे जीवशास्त्र-आरोग्यातल्या संख्याशास्त्रासाठी, देवनारलाच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. मात्र संशोधन प्रकल्पांतले पगार पुष्कळदा तुमच्या आजच्या पगारापेक्षा कमी असतात, आणि त्या वाटेवर 40 लाखांचे ओझे अधिकच जड होईल.

माझे मत असे आहे की मुंबईच्या पगारातून फिटेल तेवढेच कर्ज घ्यावे. 15 लाखांवर याच हिशेबाने हप्ता सुमारे 24,500 येतो, म्हणजे आजच्या पगाराचा एक तृतीयांश. परत यावे लागले तरी तो भरता येईल. उरलेल्या रकमेसाठी एक वर्ष द्या. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची तिची अट कर्ज नसेल तर जाचक नाही. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आणि 1892 पासून कर्जरूपाने शिष्यवृत्ती देणारी मुंबईचीच जे. एन. टाटा एंडोमेंट, या दोन्हींकडेही अर्ज करा. यांतले काहीच जमले नाही, तर हीच लंडनची संस्था एपिडेमिऑलॉजी (साथरोगशास्त्र) आणि क्लिनिकल ट्रायल्स हे विषय दूरशिक्षणाने शिकवते. नोकरी सांभाळून, टप्प्याटप्प्याने शुल्क भरत ते डोंबिवलीतून पूर्ण करता येईल.

जागा पक्की करण्याची रक्कम अजून भरली नसेल, तर थांबा. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का आणि ती रक्कम भरल्यास कोणत्या अटींवर परत मिळते, हे संस्थेकडून लेखी मागवा, आणि ते उत्तर येईपर्यंत घराची कागदपत्रे बँकेकडे देऊ नका.