विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी मुलाला "तुझा कंट्रोल कुठे आहे?" असं विचारलं. कंट्रोल ग्रुप आणि चल म्हणजे काय, हे त्याला कसं समजावू?

परीक्षकांनी बरोबर विचारलं. तुम्ही लिहिलंय की मुलानं मटकीच्या रोपांना रोज ताकाचं पाणी घातलं, रोपं वीतभर झाली आणि "ताकाने वाढ होते" असं त्यानं तक्त्यावर लिहिलं. ताक घातलं नसतं तर ती किती वाढली असती? हे दाखवणारी बिनताकाची रोपं म्हणजेच कंट्रोल. तीच नसतील तर तो प्रयोग झालाच नाही. व्याख्या पुस्तकात आहेत, त्या परत लिहीत नाही. पण याच एका गोष्टीवरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चाललाय, म्हणून लिहायला बसले.

माझं सासर सांगली जिल्ह्यात, आष्ट्याजवळ. ऊसपट्टा. थोरल्या भाऊजींनी एका लागणीला, म्हणजे नव्यानं लावलेल्या उसाला, दुकानातून टॉनिकची बाटली आणली. दुकानदारानं सांगितलं, पंपात टॉनिक टाका आणि सोबत १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत पण टाका. मी म्हटलं, "भाऊजी, मधल्या चार सऱ्या सोडा, म्हणजे कळेल तरी." ते म्हणाले, "त्या चार सऱ्यांचं नुकसान कोण भरून देणार?" सगळ्या रानावर फवारलं. थोड्याच दिवसांत उसाला काळोखी आली आणि घरात बाटलीचं कौतुक सुरू झालं.

आता बघा. १९:१९:१९ मध्ये १९ टक्के नत्र असतं. नत्र मिळालं की पानं काळीभोर होणारच, त्याला टॉनिक कशाला लागतं? दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं. तोडणी झाल्यावर भाऊजींनी दुसरा पुरावा काढला: "गेल्या खेपेपेक्षा एकरी टनेज वाढलं." गेल्या खेपेला त्या रानात खोडवा होता, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, या खेपेला लागण. खोडव्याचं टनेज कमीच पडतं. शिवाय पाऊस वेगळा, पाण्याच्या पाळ्या वेगळ्या. मागचं वर्ष हा कंट्रोल होऊ शकत नाही, कारण मागच्या वर्षात आणि यंदाच्यात बाटली सोडून शंभर गोष्टी वेगळ्या असतात.

मी फार लावून धरल्यावर पुढच्या वेळी त्यांनी सऱ्या सोडल्या. कुठल्या? बांधाकडच्या, आंब्याच्या सावलीतल्या. तिथला ऊस दरवर्षीच बारीक असतो. त्याचा फोटो काढून सगळ्या भाऊबंदांना पाठवला, "हे बघा, बिनटॉनिकचा ऊस."

मला राग का आला ते सांगते. माझं माहेर साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या बुध गावात १९११ साली संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे जन्मले. पीक कापणीवरून उत्पन्नाचा अंदाज काढताना कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपं "आत"च धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी दाखवून दिलं. समोर महालनोबिस यांच्यासारखे मोठे संख्याशास्त्रज्ञ असतानाही ते त्या मुद्द्यावरून हलले नाहीत. कड ही मापात गडबड करणारी जागा आहे, हे आमच्याच मातीतल्या माणसानं देशाला शिकवलं आणि आमच्याच रानात कंट्रोल बांधाला!

शेवटी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एक तुकडा माझ्या हवाली केला. चार-चार सऱ्यांचे पट्टे पाडले. कुठल्या पट्ट्याला टॉनिक हे मुलीनं नाणं उडवून ठरवलं, मी नाही. १९:१९:१९ सगळ्या पट्ट्यांना सारखंच. टॉनिक नसलेल्या पट्ट्यांवरही तेवढ्याच पाण्याची फवारणी, त्याच गड्याकडून, त्याच दिवशी. बांधाकडच्या सऱ्या हिशेबातच धरल्या नाहीत. पट्ट्यांच्या टोकाला नुसते नंबर लावले, त्यामुळे मोळ्या काट्यावर टाकणाऱ्या टोळीला कुठला पट्टा कसला हे माहीत नव्हतं. वजनं समोर आली तेव्हा असं दिसलं की टॉनिकच्या आणि बिनटॉनिकच्या पट्ट्यांच्या सरासरीत जेवढा फरक होता, त्याहून जास्त फरक बिनटॉनिकच्या दोन पट्ट्यांत आपापसातच होता. एकच पट्टा सोडला असता तर मीही काहीतरी भलतंच सिद्ध करून बसले असते.

मुलाला हेच सांगा. एक नाही, ताकाच्या पाच-सहा कुंड्या आणि साध्या पाण्याच्या तेवढ्याच. माती एका ढिगातली, दाणे एका पुडीतले, पाणी मापानं सारखं, कुंड्यांच्या जागा रोज अदलाबदल. ताक हा स्वतंत्र चल (आपण बदलतो तो), उंची हा परतंत्र चल (आपण मोजतो तो), आणि बाकी जे जे सारखं ठेवलं ते नियंत्रित चल. नियंत्रित चल आणि कंट्रोल ग्रुप यांची मुलं हमखास गल्लत करतात: पहिले दोन्ही गटांत सारखे ठेवायचे, दुसरा म्हणजे ताक न मिळालेल्या कुंड्या. परीक्षक पुढे "ताकातलं पाणी की ताकातलं आणखी काही?" असंही विचारतील, म्हणून दोन्हीकडे एकूण द्रव तेवढाच ठेवा.

आणि "सोडलेल्या कुंड्या वाया जातात" असं घरात कुणी म्हटलं तर ऐकू नका. इंग्लंडात रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हाचा एक पट्टा बिनखताचा राखलाय, अजून आहे. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातही नवा वाण तपासताना जुना, माहितीतला वाण शेजारी लावतातच. त्यांना काय नुकसान कळत नाही?

प्रत्येक प्रयोगाला वेगळा कंट्रोल ग्रुप लागतोच असं मात्र नाही. लंबकाची दोरी लांब-आखूड करून आंदोलनाचा काळ मोजताना "बिनदोरीचा लंबक" नसतो, तिथे वेगवेगळ्या लांब्यांचीच एकमेकींशी तुलना होते. आणि माझ्या तुकड्यावरून सगळी टॉनिकं फुकट असतात असंही मी म्हणत नाही. ते एक रान, एक हंगाम, एक बाटली, एवढंच.

भाऊजी इथलं वाचतात, म्हणून त्यांनाही सांगते. यंदाच्या लागणीला बाटली आणा, माझी ना नाही. पण सऱ्या सोडायच्या त्या मधल्या, आणि कुठल्या ते नाण्यावर. नुकसान झालंच तर माझ्या हिश्श्यातून कापा.