चौथऱ्यावर काय कोरावे?

प्रश्न : आमच्या फाट्यावर भारतीय विमानविद्येच्या आद्य पुरुषाचा पुतळा बसवण्यासाठी गावातील मंडळाने वर्गणी जमवली आहे. काहींना ‘1895 मध्ये जगातील पहिले विमान उडवणारे’ शिवकर बापूजी तळपदे हवेत, तर काहींना ‘नागपूरची रात्रीची विमानटपाल सुरू करणारे’ जे. आर. डी. टाटा. कोणता मजकूर बरोबर आहे?
— एक वाचक, तालुका आर्वी, जि. वर्धा

उत्तर : दोन्ही मजकूर दगडात कोरण्याजोगे नाहीत.

तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर मानवरहित विमान उडवल्याची कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. परंतु तिला दुजोरा देणारी खात्रीलायक समकालीन नोंद पुढे आलेली नाही. या कथेच्या पुष्टीसाठी ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकातच लिहिला गेला असून, त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्ये काढला. राइट बंधूंचे 17 डिसेंबर 1903 चे पहिले उड्डाण अवघे 12 सेकंदांचे होते, पण त्याचे छायाचित्र आहे. तळपदे यांचा गौरव ‘प्रयोगशील कारागीर’ म्हणून खुशाल करावा. ‘जगातील पहिले’ हे शब्द तेवढे टाळावेत.

टाटांविषयीचा मजकूर तर उलटाच आहे. 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघणारी टपालविमाने नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत, हे खरे. मात्र ती योजना सरकारची होती आणि टाटांनी तिला उघड विरोध केला होता. (त्या अंधारात विमाने चालवणाऱ्या वैमानिकांचा पुतळा कोणी सुचवला नाही, याचे आम्हांस थोडे वाईट वाटते.) तरीही आमचे मत टाटांनाच. 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांचा, आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी एका इंजिनाच्या ‘पस मॉथ’ विमानातून कराचीची टपाल अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे आणणारेही तेच. फलकास एवढे पुरे.

पुतळा मात्र फाट्यावर बसवता येणार नाही. सार्वजनिक रस्ते व पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2013 मध्ये राज्यांना दिला आहे. रस्त्याच्या हद्दीबाहेरील जागा निवडून, ग्रामसभेच्या ठरावासह प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयाकडे द्यावा आणि मंजुरी हाती येईपर्यंत मूर्तिकाराला आगाऊ रक्कम देऊ नये.