इंग्लंडमध्ये सुपरमार्केटच्या पार्किंगची १०० पौंडांची नोटीस आली आहे. भरावी, फेकून द्यावी की अपील करावं?

फेकून देऊ नका, आणि घाबरून लगेच ६० पौंडही भरू नका. तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: रेडिंगमधल्या एका सुपरमार्केटच्या आवारात दोन तास पार्किंग मोफत होतं, कॅमेऱ्याच्या नोंदीप्रमाणे तुमची गाडी २३ मिनिटं जास्त थांबली, आणि पोस्टाने नोटीस आली. १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०. मित्र म्हणतात असली पत्रं फाडून टाकायची, आणि तुम्हाला व्हिसाची चिंता आहे.

मित्रांचा सल्ला जुन्या काळातला आहे. पूर्वी खासगी पार्किंग कंपनीला फक्त ड्रायव्हरकडे पैसे मागता येत आणि ड्रायव्हर कोण हे तिला कळत नसे, म्हणून पत्र फाडणारे सुटायचे. १ ऑक्टोबर २०१२ पासून प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याने खासगी जागेत गाडीला क्लॅम्प (चाकाला कुलूप) लावणं बंद केलं आणि त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना रजिस्टर्ड कीपरकडून, म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्याच्याकडून, वसुली करायची वाट मोकळी केली. डीव्हीएलए (गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) त्यांना अडीच पौंडांत कीपरचा पत्ता देते. आता कंपन्या कोर्टात जातात, आणि बऱ्याच वेळा जातात.

मात्र हा दंड नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. काउन्सिलची किंवा पोलिसांची नोटीस वेगळी. तुमच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा ठपका नाही. कंपनी म्हणते आहे की पाटीवरच्या अटी मान्य करून तुम्ही गाडी लावलीत, म्हणजे करार झाला आणि तो तुम्ही मोडला. त्यामुळे करार झाला होता का आणि कीपरवर तो लादता येतो का, हे दाखवायची जबाबदारी त्यांची आहे. तुमचं अपील उभं राहायचं ते इथेच.

आधी तारखा बघा. काचेवर काही न लावता फक्त कॅमेऱ्यावरून पाठवलेली नोटीस घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांत कीपरच्या हातात पडायला हवी. गाडी ३ तारखेला लावली असेल तर १७ तारखेपर्यंत. पोस्टात टाकल्यावर दोन कामाचे दिवस धरतात, म्हणून पत्रावर १६ तारीख छापलेली असेल तर ते उशिराच आलं. अशा वेळी कीपरवर जबाबदारी येत नाही, फक्त ड्रायव्हरवर राहते, आणि ड्रायव्हरचं नाव खासगी कंपनीला सांगायला तुम्ही कायद्याने बांधील नाही. म्हणून अपिलात 'मी गाडी लावली', 'मला उशीर झाला' असं एकदाही लिहू नका. 'मी या गाडीचा रजिस्टर्ड कीपर आहे' आणि 'ड्रायव्हरने' एवढंच. आपल्याकडची माणसं सरळपणाने सगळी हकीकत लिहून मोकळी होतात आणि हातातला सगळ्यात भक्कम मुद्दा तिथेच घालवतात. मला याचं फार वाईट वाटतं. (हे इंग्लंड आणि वेल्सचं. स्कॉटलंडला हे परिशिष्ट लागू नाही. बायलॉज (त्या जागेचे स्वतःचे कायदेशीर नियम) लागू असलेल्या विमानतळांच्या किंवा रेल्वेच्या जागेतही या कायद्याने कीपरला धरता येत नाही.)

मग मिनिटं. कॅमेरा गाडी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजतो. शनिवारी दुपारी जागा शोधत फिरणं, बाहेर पडायच्या रांगेत अडकणं, सगळं त्यात येतं, पण तो उभ्या गाडीचा वेळ नव्हे. शिवाय पार्किंग कंपन्यांच्या दोन्ही व्यापारी संघटनांच्या ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सामायिक नियमावलीत वेळ संपल्यावर किमान १० मिनिटांची सूट आहे. तुमच्या २३ मिनिटांतून ही वजा करा, मग उरलेल्यांसाठी रांगेचा काही पुरावा आहे का बघा. त्या दिवशी गाडी दोनदा आत गेली होती का, हेही आठवा. सकाळी दूध आणायला एकदा आणि दुपारी पुन्हा एकदा गेलात, तर कधीकधी मधली नोंद गळते आणि दोन फेऱ्यांची एकच मोठी फेरी होते. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना असंच चार तासांचं पार्किंग लागलं होतं. मधल्या वेळेच्या दुसऱ्या दुकानातल्या बिलामुळे त्या सुटल्या.

पाट्यांचे फोटो स्वतः जाऊन काढा, शक्य तर त्याच वेळेला. प्रवेशाशी पाटी दिसते का, १०० पौंडांचा आकडा ठळक आहे का, अंधारात वाचता येतो का. 'दुकानाचं काहीच नुकसान झालं नाही, मग १०० पौंड कशाचे?' हा मुद्दा मात्र सोडा. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये पार्किंग आय विरुद्ध बीव्हिस खटल्यात तो निकालात काढला. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तासांवर ५६ मिनिटं जास्त झाली होती आणि ८५ पौंड वैध ठरले, कारण जागेचा वापर नीट व्हावा यात कंपनीचं आणि मालकाचं रास्त हित होतं, आणि पाट्याही मोठ्या आणि स्पष्ट होत्या.

पण हे सगळं लिहायच्या आधी दुकानात जा. बिल किंवा बँकेचं स्टेटमेंट घेऊन मॅनेजरला भेटा आणि नोटीस रद्द करायला सांगा. पार्किंग कंपनीला नेमलेलं असतं दुकानाने किंवा जागेच्या मालकाने, आणि गिऱ्हाईक गमावण्यात त्यांना रस नसतो. माझ्या मते ही पायरी सगळ्यात उपयोगी आहे, आणि लोक हीच गाळतात.

तिथे जमलं नाही तर २८ दिवसांच्या आत कंपनीकडे अपील करा. सवलतीच्या १४ दिवसांत केलंत तर फेटाळताना ६० चा दर सहसा पुन्हा देतात. पुढची पायरी म्हणजे स्वतंत्र अपील सेवा, आणि ती कंपनी कोणत्या संघटनेची सदस्य आहे त्यावर ठरते: ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची असेल तर पोप्ला, फेटाळल्यापासून २८ दिवस; इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर आयएएस, २१ दिवस. दोन्ही तुम्हाला मोफत. पोप्लाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पण तिथे गेल्यावर सवलत जाते. पोप्लाकडे तारखा, पाट्या, मिनिटं यांसोबत 'या जागेवर नोटीस काढायचा मालकाशी केलेला करार दाखवा' हेही मागा.

आता व्हिसा. नोटीस येण्याने किंवा अपील हरण्याने व्हिसाला काही होत नाही. वसुली एजन्सीची लाल अक्षरांतली पत्रं येतील, ७० पौंडांपर्यंत जादा रक्कम लावतील. त्यांना घरात शिरायचा किंवा सामान उचलायचा अधिकार नाही. धोका असतो तो कोर्टाचा क्लेम फॉर्म येऊन तुम्ही गप्प बसलात तर. उत्तराविना निकाल विरोधात जातो, एका महिन्यात पूर्ण रक्कम भरली नाही तर त्या निकालाची नोंद सहा वर्षं राहते, घराचं कर्ज अडतं, आणि व्हिसाच्या अर्जात कर्ज न फेडल्याबद्दलच्या दिवाणी निकालाविषयी प्रश्न असतोच. फॉर्म आला की १४ दिवसांत पोच द्या, मग बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. निकाल विरोधात गेलाच तरी महिन्याच्या आत पैसे भरले की नोंद पुसली जाते.

तुम्ही नवीन आहात, भाड्याचं घर बदलाल. लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता त्याच आठवड्यात बदला, ते ऑनलाइन आणि फुकट होतं. आणि नोटीस आधीच जुन्या पत्त्यावर आली असेल तर कंपनीलाही नवा पत्ता लेखी कळवा, नाहीतर कोर्टाचा फॉर्म जुन्याच दारात पडून राहील.